न सांगायचा आकडा

(मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेनंतरचा अतिदक्षता विभाग. त्याला लागून डॉक्टरांची अरुंद खोली. मधल्या काचेतून खाटा दिसतात. दुपार.)

संशोधक : …म्हणून म्हणतो मॅडम, ती ट्रॉली जरा थांबवा.

डॉक्टरबाई : का थांबवू? पोरीचं ब्लडप्रेशर सकाळपासून वर यायचं नाव घेत नाही. सर्जनना संशय आहे, डाव्या फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी अजून अरुंद राहिली असेल. छातीवरून केलेल्या इकोत धड काही दिसलं नाही. सीटी करायलाच हवा.

संशोधक : सीटीला माझी ना नाही. पण त्यात जो डाय टोचतात ना…

डॉक्टरबाई : डायचं काय?

संशोधक : काही नाही. म्हणजे, किडनीला जड जातो तो.

डॉक्टरबाई : हे तू मला सांगतोयस? मी इथे काय उगाच केस पांढरे केले? सकाळचं क्रिएटिनिन बघ तिचं. व्यवस्थित आहे. लघवी कमी आहे थोडी, पण काल ऑपरेशन झालंय. हार्ट-लंग मशीनवरून उतरलेलं मूल पहिल्या दिवशी असंच करतं.

संशोधक : क्रिएटिनिन उशिरा वाढतं मॅडम. किडनीला मार बसून दिवस-दोन दिवस गेले की मग. तुम्हीच शिकवलंय.

डॉक्टरबाई : शिकवलंय. म्हणून तर हा अभ्यास काढला आणि तुला त्यावर बसवलं. आणि तू माझ्याशी बोलताना पंख्याकडे काय बघतोयस?

संशोधक : कुठे? नाही.

डॉक्टरबाई : तिचा लघवीचा नमुना लॅबमध्ये लागला का?

संशोधक : ते मला सांगता येत नाही. नियम तुमचाच आहे.

डॉक्टरबाई : मग सांगू नकोस. एक अक्षर बोलू नकोस.

संशोधक : नाही बोलत. फक्त डाय देऊ नका.

डॉक्टरबाई : अरे, झालं की सांगून! आता आणखी काय शिल्लक ठेवलंस?

संशोधक : मी आकडा सांगितलेला नाही.

डॉक्टरबाई : ही वकिली दुसरीकडे कर. दार लाव आधी. आणि सिस्टरना सांग, ट्रॉली आली तर बाहेरच उभी करा. लावलंस दार? आता बोल, आपण हा आकडा का झाकून ठेवतो?

संशोधक : परीक्षा घेताय माझी?

डॉक्टरबाई : हो.

संशोधक : ऑपरेशननंतर काही तासांत मुलाच्या लघवीत एनगॅल नावाचं प्रथिन वाढलं, तर किडनीला इजा झालीय, असं म्हणतात. क्रिएटिनिनच्या किती तरी आधी कळतं, असं म्हणतात. ते आपल्या मुलांमध्ये कितपत खरं ठरतं हे आपल्याला बघायचंय. म्हणून आकडा फक्त माझ्याकडे. उपचार करणाऱ्या कुणालाही तो कळू द्यायचा नाही.

डॉक्टरबाई : का?

संशोधक : कळला की हात स्वस्थ बसत नाहीत. कुणी औषध थांबवतं, कुणी नळी घालतं. मग मूल बरं झालं तर आकडा खोटा होता की उपचार लागू पडला, ते कधीच कळत नाही.

डॉक्टरबाई : पाठ आहे तुला सगळं. आता मी तुला जे सांगते ते पाठ करू नकोस, नुसतं ऐक. याआधी मी जिथे होते तिथे आकडा झाकायची पद्धत नव्हती. एका तान्ह्या मुलाचा असाच वाढलेला आला. आमचे वरिष्ठ म्हणाले, वाट कशाला बघा, पोटात नळी घालून डायलिसिसची तयारी ठेवा. किडन्या ठणठणीत होत्या त्या मुलाच्या. पोटात पू झाला, तो नळीमुळे. कसंबसं निभावलं ते. तर तुझ्या आकड्यालाही दात असतात, एवढं ध्यानात ठेव.

संशोधक : ठेवतो. पण नळी घाला असं मी म्हणतच नाहीये. एक गोष्ट करू नका, एवढंच म्हणतोय.

डॉक्टरबाई : न करणं फुकट मिळतं असं वाटतं तुला? ती रक्तवाहिनी खरंच अरुंद असली आणि मला ती दिसली नाही, तर किडनी सांभाळत बसू आपण आणि पोरगी हातची जाईल. बघ तिकडे. तीन नंबरची खाट. तुझी बाटली नव्हे ती.

संशोधक : माहीत आहे मला.

डॉक्टरबाई : अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीच्या अध्यक्षांना फोन लाव. आकडा उघडायची परवानगी तेच देऊ शकतात.

संशोधक : केव्हाचा लावतोय. तुमच्याकडे यायच्या आधीपासून. उचलत नाहीयेत.

डॉक्टरबाई : पुन्हा लाव.

संशोधक : वाजतोय… वाजतोय… नाही. लेक्चरला असतील.

डॉक्टरबाई : ट्रॉली आली बघ.

संशोधक : मॅडम…

डॉक्टरबाई : गप्प बस जरा. विचार करू दे. … ठीक आहे. तिला अभ्यासातून काढ. माझ्या सांगण्यावरून काढली, माझ्या सहीने. जे काय व्हायचं ते माझं होईल. आता सांग, किती आहे?

संशोधक : आतापर्यंत आपल्या एकाही मुलाचा इतका आलेला नाही. मला वाटलं मशीन बिघडलं. नवं किट फोडून पुन्हा लावला. तेवढाच.

डॉक्टरबाई : नमुन्यांची अदलाबदल?

संशोधक : बाटलीवरची चिठ्ठी मी स्वतः चिकटवली होती. तिच्या खाटेपाशी उभा राहून.

डॉक्टरबाई : हं. दुखण्याचं कोणतं इंजेक्शन चालू आहे तिला? ते किडनीवर जातं, ते आधी बंद करायला सांग. संसर्गाचं औषध बदलून घेऊ. सलाईन मोजून. आणि इकोवाल्या डॉक्टरांना ओपीडीतून उठवून आण. अन्ननलिकेतून इको करायचा. डाय न देता जितकं दिसेल तितकं बघू.

संशोधक : आणि सर्जन?

डॉक्टरबाई : त्यांचा फोन मी घेते. तुझ्या कानांना झेपायचा नाही तो.

*

आई : डॉक्टरबाई, तुम्ही आलात ते बरं झालं. खाली तपासणीला नेणार म्हणून मी चपला घालून तयार बसले. ट्रॉली आली आणि रिकामीच परत गेली. मला कुणी काही सांगेना. सिस्टर म्हणतात डॉक्टरांना विचारा, डॉक्टर म्हणतात मोठ्या बाईंना विचारा.

डॉक्टरबाई : बसा. मी सांगायलाच आलेय.

आई : बसवून सांगतात ते कधी चांगलं नसतं. उभी आहे ती बरी आहे. बसमध्ये कंडक्टर आहे मी, दिवसभर उभं राहायची सवय आहे. बोला.

डॉक्टरबाई : हिची ती तपासणी आत्ता करत नाही आहोत. त्यात जे औषध टोचावं लागतं ते तिच्या किडन्यांना सोसणार नाही, अशी शंका आली आहे.

आई : किडन्या? ऑपरेशन तर हृदयाचं होतं!

डॉक्टरबाई : हो. पण हृदयातलं छिद्र बुजवायचं आणि फुप्फुसाकडची वाट मोठी करायची, तर तेवढा वेळ हृदय थांबवावं लागतं. रक्त मशीनमधून फिरवतात. त्या वेळात किडन्यांना पुरेसं रक्त पोचतंच असं नाही. काही मुलांच्या किडन्या त्याने दुखावतात. हे ऑपरेशनच्या आधी सांगितलं होतं तुम्हाला.

आई : सांगितलं असेल. तुम्ही इतकं सांगितलंत तेव्हा! मी आपली एकच गोष्ट ऐकत होते, परत मिळेल की नाही. खराब झाल्यात का किडन्या?

डॉक्टरबाई : अजून माहीत नाही. रक्ताच्या तपासणीत काही नाही. लघवीच्या एका नव्या तपासणीत मात्र इशारा आहे.

आई : लघवीची म्हणजे यांची? हे उभे आहेत मागे, त्यांची? काल हेच आले होते ना, अभ्यासासाठी थोडी लघवी घेऊ का म्हणून. मी म्हटलं घ्या बाबा, तिच्या काय उपयोगाची.

संशोधक : हो. मीच.

आई : मग त्यात कळलं?

संशोधक : हो.

आई : कधी कळलं?

संशोधक : आज… जेवायच्या आधी.

आई : आता चहाची वेळ झाली की हो!

संशोधक : मी पुन्हा तपासून बघितलं. आणि मग…

आई : मग काय?

संशोधक : अभ्यासाचा नियम असा आहे की आकडा कुणाला सांगायचा नाही. डॉक्टरांनाही नाही. तुमची संमती घेताना मी वाचून दाखवलं होतं.

आई : वाचून दाखवलं होतं! ऑपरेशनच्या दाराशी पोर माझ्या गळ्याला मिठी मारून बसलेली, आणि तुम्ही वाचून दाखवत होतात. तुम्ही तेव्हा माझं घर लिहून मागितलं असतं तरी मी मान डोलावली असती. जेवलात का तुम्ही?

संशोधक : काय?

आई : जेवायच्या आधी कळलं म्हणालात. मग जेवलात का?

संशोधक : डबा उघडला होता. दोन घास गेले, पुढे नाही गेले.

आई : दोन गेले. बरं.

डॉक्टरबाई : ताई, नियम त्याचा नाही, माझा आहे. रागवायचं तर माझ्यावर रागवा. त्याने तो मोडला आणि माझ्याकडे आला.

आई : आणि तो आला नसता तर?

डॉक्टरबाई : तर तुमची मुलगी आत्ता खाली सीटीच्या खोलीत असती.

आई : इतकं सरळ तोंडावर सांगता?

डॉक्टरबाई : दुसरं कसं सांगू? आता पुढचं ऐका, ते जास्त महत्त्वाचं आहे. तिचं ब्लडप्रेशर का पडतंय हे मला अजूनही शोधायचंय. त्यासाठी अन्ननलिकेतून एक बारीक नळी घालून हृदय आतून बघणार. तिला झोपवलेलंच आहे, दुखणार नाही. पण त्यात दिसलं नाही, तर मला पुन्हा तोच प्रश्न आहे. किडनी सांभाळू की हृदय.

आई : आणि ते मी सांगायचं?

डॉक्टरबाई : नाही. ठरवणार मी. पण तुम्हाला अंधारात ठेवून ठरवणार नाही.

आई : हिचे बाबा खाली बसलेत. नळ्या बघितल्या की त्यांना भोवळ येते, म्हणून वर येत नाहीत. त्यांना काय सांगू? भिंगरी म्हणतात ते हिला. दोन पावलं टाकली की धापा टाकत उकिडवी बसायची पोर, ओठ जांभळे व्हायचे, आणि हे म्हणायचे, माझी भिंगरी दमली. काय सांगू त्या माणसाला?

डॉक्टरबाई : सांगा की तपासणी बदलली. आणि डॉक्टरांना अजून पुरतं कळलेलं नाही. दोन्ही खरं आहे.

आई : खोटं सांगायला शिकवलं असतंत तर सोपं गेलं असतं. जा, करा ती तपासणी. आणि ओ डॉक्टर, लघवीवाले!

संशोधक : हो?

आई : आता जे काय कळेल ते घासाच्या आधी सांगायचं. मला.

*

डॉक्टरबाई : ये. बस. तुझ्या जिवात जीव येईल असं काहीतरी आहे. रक्तवाहिनी मोकळी निघाली. इकोवाल्या बाईंनी तीनदा फिरवून बघितली.

संशोधक : मग ब्लडप्रेशर?

डॉक्टरबाई : हृदयाचा उजवीकडचा कप्पा ताठरलाय, नीट सैल पडत नाही. इतक्या वर्षांचा जोर काढलाय त्याने, एका दिवसात कसा सुधारेल? औषध बदललंय. चढतंय हळूहळू.

संशोधक : म्हणजे सीटीची गरजच नव्हती.

डॉक्टरबाई : हे आत्ता कळलं. दुपारी नव्हतं कळलं. उगाच शहाणपणा करू नकोस. सर्जन काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, तुमच्या खात्यात आता लघवी बघून भविष्य सांगायला लागलेत का?

संशोधक : तुम्ही काय म्हणालात?

डॉक्टरबाई : म्हटलं, उद्या-परवा कळेल. लघवीची पिशवी बघितलीस का तिची?

संशोधक : बघितली. तळाला जेमतेम आहे. दुपारपासून वाढलीच नाही.

डॉक्टरबाई : आता हात आखडते ठेवून वाट बघायची. सगळ्यात अवघड काम आहे ते.

*

संशोधक : मॅडम, आजचा रिपोर्ट बघितलात? क्रिएटिनिन जरासंच वर आहे. कालच्यापेक्षा केसभर.

डॉक्टरबाई : बघितलं.

संशोधक : माझंच चुकलं असेल तर? किट खराब असेल. एवढा गोंधळ मी नुसत्या एका किटवरून…

डॉक्टरबाई : तुला काय हवंय? तिची किडनी बिघडायला हवीय?

संशोधक : नाही हो!

डॉक्टरबाई : मग तोंड पाडून का उभा आहेस? आकडा खोटा निघाला तर मी वेडी ठरेन आणि पोरगी घरी जाईल. मला चालेल. तुला चालत नसेल तर दुसरा विषय घे अभ्यासाला.

संशोधक : चालेल. मलाही चालेल. पण तिच्या पापण्या बघितल्यात का आज?

डॉक्टरबाई : हं. सुजल्यात.

*

आई : हे काय झालं हो तिचं तोंड? काल नुसत्या पापण्या सुजल्या होत्या, हात फिरवला तर गालाचं हाड लागत होतं. आज डोळेही उघडत नाहीत, इतके फुगलेत. आणि ती पिशवी कोरडी आहे. मला सांगू नका की नळी अडकलीय. मी सिस्टरना विचारलं, त्यांनी नळी धुऊन बघितली.

डॉक्टरबाई : नळी अडकलेली नाही. लघवी थांबलीय. आणि आता रक्तातही दिसतंय. क्रिएटिनिन चांगलंच चढलंय.

आई : म्हणजे त्या लघवीवाल्यांचा आकडा खरा.

डॉक्टरबाई : हिच्या बाबतीत, हो.

आई : मला वाटलं होतं खोटा निघेल. सकाळपासून वाटत होतं. आता?

डॉक्टरबाई : किडन्या दमल्यात, मेलेल्या नाहीत. त्यांना विश्रांती द्यायची. त्यांचं काम आपण करायचं. बेंबीच्या खाली एक मऊ नळी घालायची, तिच्यातून पोटात पाणी सोडायचं, ते अंगातली घाण आणि जास्तीचं पाणी ओढून घेतं, की बाहेर काढायचं. पुन्हा सोडायचं. किडन्या जाग्या होईपर्यंत.

आई : पोटाला आणखी एक भोक.

डॉक्टरबाई : हो.

आई : छाती उघडली, मानेत सुया, नाकात नळी, आता पोट. आणखी कुठे जागा उरलीय का बघा.

डॉक्टरबाई : ताई…

आई : बोलू द्या हो मला जरा. इथे सगळे हळू बोलतात. माझ्या बसमध्ये मी ओरडते तेव्हा निदान कुणीतरी पुढे सरकतं. इथे ओरडून काही सरकत नाही.

डॉक्टरबाई : ओरडा. सिस्टरना सांगते मी.

आई : … नको. आलं होतं, गेलं. त्या नळीत धोका काय?

डॉक्टरबाई : आतडं दुखावू शकतं, संसर्ग होऊ शकतो. मी एका मुलाला तसं झालेलं बघितलंय. म्हणून पहिल्या दिवशी, नुसत्या आकड्यावर घातली नाही. आज घालते, कारण आज ती लागणारच आहे. तयारी कालपासून आहे. धावपळीत घालावी लागणार नाही, सर्जन सावकाश, नीट बघून घालतील.

आई : तेच सर्जन? तुमच्यावर भडकलेले?

डॉक्टरबाई : तेच. सकाळी आपण होऊन आले वर. नळी घालायला हात धुऊनच.

आई : या किडन्या जाग्या झाल्याच नाहीत तर?

डॉक्टरबाई : बहुतेक मुलांच्या होतात.

आई : बहुतेक.

डॉक्टरबाई : त्यापुढचा शब्द माझ्याकडे नाही.

*

संशोधक : तुम्ही घरी गेला नाहीत? तिचे बाबा म्हणत होते, आज जाऊन झोपणार आहात.

आई : फाटकापर्यंत गेले होते. परत आले. तेच बसलेत खाली, मी वर. तुम्ही का रोज येता आता? हिला तर अभ्यासातून काढलंत ना?

संशोधक : काढलंय.

आई : मग?

संशोधक : सहज. बाजूच्या खाटेच्या बाटल्या न्यायच्या असतात, तर…

आई : बाजूची खाट रिकामी आहे परवापासून.

संशोधक : हो. रिकामी आहे.

आई : बसा. ते पाणी सोडताना बघून बघून मला आता पाठ झालंय. आत गेलं किती, बाहेर आलं किती. बाहेर जास्त आलं की सिस्टर हसते, मग मी हसते. हिला काही पत्ता नाही. सूज उतरली बघा. हनुवटी दिसायला लागली, बाबांसारखी.

संशोधक : आज तुम्ही माझ्यावर चिडलेल्या दिसत नाही.

आई : चिडलेच आहे. पण चिडायला जोर लागतो, तो दुसरीकडे चाललाय. एक सांगा, तुम्ही त्या दिवशी गप्प बसला असता तर तुमची नोकरी सुरक्षित होती ना?

संशोधक : नोकरी तशीही जाणार नाही. बोलणी खाल्ली समितीची. ते सोडा. मी नियम पाळला असता आणि काही बिघडलं असतं, तरी मला कुणी दोष दिला नसता. त्याचीच भीती वाटली मला.

आई : हे मला नीट कळलं नाही. पण असू दे. … अहो, ते बघा.

संशोधक : काय?

आई : पिशवीच्या नळीत. थेंब आहे का तो? की दिव्याची तिरीप?

संशोधक : थांबा. सरका जरा. … थेंब आहे.

आई : पाणी असेल कुठलंतरी.

संशोधक : नाही. पिवळं आहे. पिवळं आहे हो! वरूनच येतंय. अजून एक आला.

आई : हलवू नका! हात लावू नका तिला! सिस्टर! सिस्टर, इकडे या! अहो, तुम्ही का रडताय?

संशोधक : मी कुठे रडतोय?

आई : डॉक्टर माणूस, आणि मुतावर रडतोय. थांबा, हिच्या बाबांना फोन लावते. हॅलो… अहो, वर या. नळ्याबिळ्या काही बघू नका, डोळे मिटून या. तुमच्या भिंगरीने शू केलीय!

*

डॉक्टरबाई : घरी द्यायची औषधं समजली ना सगळी? आणि किडनीच्या डॉक्टरांना दाखवायला यायचं, दर महिन्याला, कंटाळा न करता. आत्ता सगळं ठीक आहे, पण एकदा मार खाल्लेली किडनी आहे. वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागेल. दुखण्याच्या गोळ्या मनाने द्यायच्या नाहीत.

आई : नाही देणार. अगं, शर्ट ओढू नकोस डॉक्टरबाईंचा! बघा, खाटेवरून उतरल्यापासून ही अशी. तीन वेळा दारापर्यंत पळून आली, आणि बसली नाही मध्ये एकदाही. … एक विचारू का?

डॉक्टरबाई : विचारा.

आई : तो आकडा कळला नसता, डाय दिला असता, तर ही गेली असती का?

डॉक्टरबाई : माहीत नाही.

आई : म्हणजे?

डॉक्टरबाई : कदाचित जास्त आजारी पडली असती. कदाचित अशीच बरी होऊन अशीच माझा शर्ट ओढत बसली असती. आम्ही मध्येच उपचार बदलले. आता ते कळायचा रस्ता राहिला नाही.

आई : तुम्ही तरी म्हणायचं ना, वाचवली म्हणून. मी गावभर तुमचं नाव केलं असतं.

डॉक्टरबाई : म्हणाले असते. हा उभा आहे ना बाजूला. लगेच पंख्याकडे बघायला लागला असता.

आई : आणि यांच्या अभ्यासाचं काय झालं?

संशोधक : चालू आहे. थोडा बदलला. आकडा अजूनही उपचार करणाऱ्यांना सांगत नाही. पण फारच वर गेला तर या विभागाबाहेरच्या एका डॉक्टरांना ताबडतोब कळवायचं, आणि सांगायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. समितीने मान्य केलं.

आई : ती बाकावर बसलीय ना, निळ्या साडीतली? तिचं बाळ आत गेलंय मघाशी. तिचीही बाटली घेणार तुम्ही?

संशोधक : हो. तिने संमती दिलीय.

आई : तिला हे सगळं समजलंय का?

संशोधक : सांगितलं मी. या वेळी बाकावर शेजारी बसून, सावकाश.

आई : ते झालं. पण तिला समजलंय का?

संशोधक : … माहीत नाही.

आई : तिची नजर बघा, त्या दारावरून हलत नाही. मी जरा तिच्यापाशी बसून येते. हिचे बाबा रिक्षा आणायला गेलेत, त्यांना यायला वेळ आहे. धरा हिला.

संशोधक : मी?

आई : मग काय, मी हिला घेऊन बसू तिथे? तिच्या डोळ्यांसमोर?

संशोधक : मॅडम, मी आजवर यातलं एकही मूल उचललेलं नाही.

डॉक्टरबाई : एक हात खाली घे. पाठीला आधार दे. आणि टाक्यांवर हात नको.